इंग्रजीतील अलंकार ओळखायचे कसे? मराठी माध्यमातून आलेल्या नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

मुंबईत मराठी माध्यमातून दहावी होऊन पुढे इंग्रजी साहित्याकडे वळलेली मुले संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात, आणि त्यांच्या वह्यांच्या शेवटच्या पानांवर बहुधा एकच यादी उतरवलेली असते: सिमिली, मेटॅफर, पर्सॉनिफिकेशन, ॲलिटरेशन, आयरनी आणि अशीच आणखी पंधरा-वीस नावे. प्रत्येक नावापुढे एक इंग्रजी व्याख्या असते. यादी तोंडपाठ असते, परंतु कधी न वाचलेली ओळ समोर ठेवली की मुले ओळीकडे न पाहता यादीकडे पाहू लागतात आणि त्यांतले एक नाव ओळीला चिकटवून मोकळी होतात. यादीत काही चूक नसते. चुकतो तो क्रम. अलंकाराचे नाव ही शेवटची पायरी आहे. त्याआधी ओळ काय म्हणते, तिला काय म्हणायचे आहे आणि या दोहोंत अंतर कशामुळे पडले, एवढे पाहावे लागते.

दुसरा एक गैरसमजही दूर करायला हवा. शाळेत मराठीच्या तासाला उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, श्लेष शिकलेले असते, आणि इंग्रजीकडे वळताना ‘ते आता विसरा’ असा सल्ला अनेकदा मिळतो. हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मराठी अलंकारशास्त्र आणि शब्दशक्तींचे, म्हणजे शब्दातून अर्थ कसा निघतो याचे, ज्ञान ही तुमच्याजवळची मोठी शिदोरी आहे. मात्र इंग्रजी नावांशी जुळणी करताना काही ठिकाणी सांधा नीट बसत नाही. ती ठिकाणे या लेखात मी मुद्दाम दाखवणार आहे, कारण चुका नेमक्या तिथेच होतात.

पहिली पायरी: ओळ देवनागरीत लिहा आणि मोठ्याने वाचा

इंग्रजीत लिहिणे एक आणि उच्चारणे दुसरे असते, तर नादाशी संबंधित सगळे अलंकार उच्चारावर उभे असतात. म्हणून ज्या ओळीत नाद आहे अशी शंका येते ती ओळ जशी उच्चारली जाते तशी देवनागरीत उतरवून काढावी. ‘फास्ट’ आणि ‘फोन’ हे शब्द रोमन लिपीत वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, पण देवनागरीत दोन्हींच्या सुरुवातीला ‘फ’ दिसतो, म्हणजे येथे ॲलिटरेशन आहे. उलट ‘सिटी’ आणि ‘क्राउड’ या दोन्ही शब्दांचे पहिले रोमन अक्षर एकच असूनही देवनागरीत एकीकडे ‘स’ आणि दुसरीकडे ‘क’ येतो, म्हणजे ॲलिटरेशन नाही. ‘नाइट’ आणि ‘नॉक’ या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाचे पहिले रोमन अक्षर उच्चारलेच जात नाही. कागदावर पाहणाऱ्याला हे साम्य दिसणार नाही, देवनागरीत लिहिणाऱ्याला दिसेल. या युक्तीला एक अपवाद लक्षात ठेवा. ‘व्हॉइस’ आणि ‘वॉटर’ यांचे आरंभ आपल्याला एकसारखे वाटतात, कारण मराठीत त्या दोन ध्वनींसाठी एकच ‘व’ आहे. इंग्रजीत ते दोन निरनिराळे ध्वनी मानले जातात.

आता सांध्याविषयी. मराठीतला अनुप्रास म्हणजे ओळीत एखादे अक्षर पुन्हा पुन्हा येऊन नाद निर्माण होणे. ते अक्षर शब्दाच्या आरंभी असो, मध्ये असो वा शेवटी असो. ‘गडद गर्दीतून गाडी गडगडत गेली’ या वाक्यात ‘ग’ही आहे आणि ‘ड’ही आहे, आणि आपण दोन्हींना अनुप्रासच म्हणतो. इंग्रजीने मात्र या एका घराच्या तीन खोल्या केल्या आहेत. शब्दांच्या आरंभीचा व्यंजनध्वनी परतला तर ॲलिटरेशन, शब्दांच्या मध्ये किंवा शेवटी व्यंजन परतले तर कन्सोनन्स, आणि स्वर परतला तर ॲसोनन्स. त्यामुळे अनुप्रास दिसताच डोळे झाकून ॲलिटरेशन लिहू नये. ध्वनी कोठे परतला ते बोटाने दाखवता आले पाहिजे.

यमकाच्या बाबतीतही कानावरच विश्वास ठेवावा. ‘टफ’, ‘दो’, ‘थ्रू’ आणि ‘कॉफ’ या चार शब्दांच्या शेवटची चार रोमन अक्षरे एकच आहेत, पण त्यांच्यात कोणाचेही कोणाशी यमक जुळत नाही. ‘गेट’ (फाटक), ‘वेट’ (वजन) आणि ‘एट’ (आठ) यांचे यमक मात्र उत्तम जुळते, जरी त्यांतल्या एका शब्दाचा शेवट निराळ्याच अक्षरांनी लिहिला जातो. ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांसारख्या जोड्यांना, ज्या डोळ्यांना जुळल्यासारख्या दिसतात पण कानांना जुळत नाहीत, इंग्रजीत ‘आय र्‍हाइम’ म्हणजे डोळ्यांचे यमक म्हणतात.

नादाच्या घरातले आणखी एक नाव ऑनोमॅटोपिया. त्याचा ग्रीक अर्थ ‘नाव घडवणे’ असा आहे. पावसाची रिमझिम, चिमण्यांची चिवचिव, रुळांवरचा खडखडाट असे शब्द मराठीत इतके विपुल आहेत की आपण त्यांना अलंकार मानतच नाही; व्याकरणात त्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणून जागा आहे. इंग्रजीत ‘बझ’, ‘हिस’, ‘क्लॅटर’ असा शब्द कवितेत आला तर तो साहित्यिक साधन म्हणून नोंदवायचा असतो.

दुसरी पायरी: सरळ अर्थ एका वाक्यात मराठीत लिहा

ही पायरी छोटी आहे, पण ती गाळणारा विद्यार्थी पुढे हमखास अडखळतो. ‘द सिटी होल्ड्स इट्स ब्रेथ’ ही ओळ घ्या. शब्दशः ‘शहर श्वास रोखून धरते’. आता विचारा की शहराला श्वास असतो का? नसतो. म्हणजे म्हणायचे काय आहे? कसल्यातरी गोष्टीची सगळे लोक ताणून वाट पाहत आहेत. मराठीत आपण पहिल्या, शब्दशः अर्थाला अभिधेचा अर्थ म्हणतो आणि दुसऱ्या, सुचवलेल्या अर्थापर्यंत लक्षणेने किंवा व्यंजनेने पोहोचतो. हे दोन अर्थ वहीत एकाखाली एक लिहिले की मधले अंतर डोळ्यांसमोर येते. अंतरच नसेल, तर त्या ओळीत अर्थाचा अलंकार नाही. फार तर नादाचा किंवा शब्दांच्या मांडणीचा असेल.

तिसरी पायरी: अंतर साम्यामुळे पडले आहे का?

मराठीत उपमेच्या चार बाजू शिकवतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. या चौघांसाठी इतकी सोपी नावे रूढ इंग्रजी शिक्षणात फार काळ नव्हती. आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने १९३६ मध्ये मेटॅफरच्या दोन बाजूंना ‘टेनर’ आणि ‘व्हेइकल’ अशी नावे दिली. टेनर म्हणजे स्थूलमानाने आपले उपमेय आणि व्हेइकल म्हणजे उपमान. ही जोडी ज्याला मराठीतून आधीच अवगत आहे त्याने निर्धास्तपणे ती वापरावी.

साम्यवाचक शब्द असेल तर सिमिली. ‘लाइक’ आणि ‘ॲज’ हे तिचे नेहमीचे शब्द, पण तेवढे पाहून निकाल देऊ नका. ‘आय लाइक टी’ या वाक्यातला ‘लाइक’ आवड सांगतो. ‘परेल इज ॲज क्राउडेड ॲज दादर’ या वाक्यात तुलना आहे, तरी ती सिमिली नाही, कारण एका गजबजलेल्या स्थानकाची दुसऱ्या गजबजलेल्या स्थानकाशी तुलना ही निव्वळ माहिती आहे. दोन गोष्टी मुळात वेगळ्या जातीच्या असाव्या लागतात. फलाटाची तुलना वारुळाशी केली, तर सिमिली झाली.

येथे उत्प्रेक्षेचे काय करायचे, हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. ‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ असे शब्द वापरून उपमेय हे जणू उपमानच आहे असे म्हणणारी उत्प्रेक्षा मराठीत स्वतंत्र अलंकार आहे. इंग्रजीत ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ या शब्दांनी हीच गोष्ट साधली जाते, पण तिला वेगळे नाव नाही; सिमिलीच्याच खात्यात ती जमा होते. मला स्वतःला मराठीची ही बारीक छाननी अधिक आवडते, परंतु इंग्रजी उत्तरपत्रिकेत सिमिलीच लिहावे.

साम्यवाचक शब्द गळून पडला आणि एक गोष्ट दुसरी झाली, की मेटॅफर. हा ग्रीक शब्द ‘एका जागेहून दुसरीकडे वाहून नेणे’ या अर्थाचा आहे, आणि आजही ग्रीस देशात घरसामान हलवणाऱ्या ट्रकवर त्याच शब्दाचे आधुनिक रूप रंगवलेले असते. एका खोलीतले सामान टेम्पोत भरून दुसऱ्या खोलीत नेऊन लावावे तसा एका वस्तूचा अर्थ उचलून दुसऱ्या वस्तूत नेऊन मांडणे, हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की व्याख्या पाठ करावी लागत नाही. मुंबईतले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे मरीन ड्राइव्हला मिळालेले ‘क्वीन्स नेकलेस’ हे नाव. मलबार हिलच्या उंचीवरून रात्री पाहिले की उपसागराच्या कडेने वळत गेलेली दिव्यांची रांग हारातल्या मण्यांसारखी दिसते. उपमेय दिव्यांची रांग, उपमान राणीच्या गळ्यातला हार, साधारण धर्म वळण आणि चमक. लक्षात घ्या की नावात उपमेय उच्चारलेलेच नाही, ते आपण ओळखून घ्यायचे आहे. पुष्कळ इंग्रजी मेटॅफर असेच अर्धे झाकलेले असतात. एखाद्या गाडीने गर्दी ‘स्वॉलो’ केली, म्हणजे गिळली, असे क्रियापद आले तर गाडी हा कोणता तरी प्राणी आहे हे सांगणारे नाम कोठेही सापडणार नाही. मेटॅफर क्रियापदात लपलेला असतो.

याच उदाहरणावर दुसरा सांधा तपासता येतो. गाडीने गर्दी गिळली ही मराठीत चेतनगुणोक्ती आहे, कारण अचेतन वस्तूला सजीवाचा गुण चिकटवला आहे. म्हणून विद्यार्थी इंग्रजीत पर्सॉनिफिकेशन लिहितात. पण त्या शब्दात ‘पर्सन’ आहे, म्हणजे माणूस. गिळणे, गुरगुरणे, झेप घेणे ही जनावराचीही कामे आहेत. तेथे मेटॅफर म्हणणे अधिक सुरक्षित. फलाट वाट पाहतो, पाऊस चेष्टा करतो, शहर लंगडत पूर्वपदावर येते, ही माणसाची कामे आहेत, तेथे पर्सॉनिफिकेशन. चेतनगुणोक्तीचा पैस मोठा आहे आणि पर्सॉनिफिकेशनचा त्याहून लहान, एवढे एक वाक्य वहीत लिहून ठेवले तरी बऱ्याच चुका टळतील.

जाता जाता एक निरीक्षण. काही मेटॅफर रोजच्या वापराने इतके झिजतात की ते मेटॅफर आहेत हेच विसरले जाते. घड्याळाला इंग्रजीत ‘हँड्स’ म्हणजे हात असतात आणि मराठीत काटे असतात. दोन भाषांनी एकाच वस्तूकडे पाहून दोन वेगळी चित्रे पाहिली आणि नंतर दोघीही ती विसरल्या. अशा झिजलेल्या मेटॅफरची नोंद परीक्षेत सहसा मागत नाहीत, परंतु ती शोधत राहण्याची सवय वाचकाला फार उपयोगी पडते.

चौथी पायरी: की अंतर शेजारामुळे पडले आहे?

साम्य कोठेच नसेल तर शेजार पाहा. ‘दलाल स्ट्रीट इज नर्व्हस’ असे शीर्षक छापून येते. रस्ता कोणासारखाच दिसत नाही, येथे तुलना नाहीच. १८७५ मध्ये स्थापन झालेला मुंबई शेअर बाजार त्या रस्त्यावर आहे, म्हणून रस्त्याचे नाव घेऊन बाजारातल्या माणसांविषयी बोलले जाते. राष्ट्रीय शेअर बाजाराचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, तरीही एकंदर बाजाराविषयी लिहिताना ‘दलाल स्ट्रीट’ म्हणण्याची रीत सुटलेली नाही. एका वस्तूसाठी तिच्याशी निगडित असलेल्या दुसऱ्या वस्तूचे नाव वापरणे याला मेटॉनिमी म्हणतात. आपण ‘मंत्रालयाने निर्णय घेतला’, ‘अख्खी चाळ जमली’, ‘लाल बावट्याने मोर्चा काढला’ असे रोज म्हणतो. ती सगळी मेटॉनिमी आहे.

निगडित वस्तू ही त्या वस्तूचाच एक भाग असेल, तर सिनेकडकी. उच्चार करताना जोर ‘ने’वर द्यावा. गिरणगावाच्या इतिहासाविषयी इंग्रजीत वाचताना ‘मिल हँड्स’ हा शब्द वारंवार भेटतो. हात म्हणजे कामगार. १९८२ च्या संपात सुमारे २.५ लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्या प्रत्येकाला ‘हँड’ म्हणणारी भाषा माणसातला नेमका कोणता भाग मोजत होती, हे लक्षात आले की सिनेकडकी ही केवळ शब्दांची गंमत नाही हे कळते. ‘घरात खाणारी पाच तोंडे आहेत’ या मराठी वाक्याला इंग्रजीत ‘फाइव्ह माउथ्स टू फीड’ असा जवळजवळ तंतोतंत जोडीदार आहे. कमावणाऱ्याला माणसे हात म्हणून दिसतात आणि सांभाळणाऱ्याला तोंडे म्हणून.

हा तिसरा सांधा आहे आणि तो सर्वांत अवघड. मराठी शालेय पुस्तकांत मेटॉनिमीसाठी अलंकारांच्या यादीत नाव सापडत नाही, कारण आपल्याकडे हा विषय अलंकारात न घालता लक्षणा या शब्दशक्तीत शिकवला जातो. ‘बाबा ताटावर बसले’, ‘आम्ही ज्वारी खातो’ ही उदाहरणे आठवून पाहा. जे लक्षणा शिकले आहेत त्यांना मेटॉनिमी येतेच. ती कोणत्या धड्यात आहे एवढेच त्यांना ठाऊक नसते.

पाचवी पायरी: की दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ठेवल्या आहेत?

ऑक्सिमोरॉन म्हणजे एकमेकांना खोडणारे दोन शब्द शेजारी ठेवणे: ‘ओपन सीक्रेट’, ‘डेफनिंग सायलेन्स’. हा शब्दच स्वतःचे उदाहरण आहे, कारण ग्रीकमध्ये त्याचा पहिला भाग ‘तीक्ष्ण’ आणि दुसरा भाग ‘बोथट, मंद’ अशा अर्थाचा आहे. विरोध दोन शब्दांपुरता न राहता पूर्ण विधानात पसरला आणि विचारांती ते विधान खरे ठरले, तर पॅरॅडॉक्स. ‘डबा जितका भरलेला, तितका त्यातला माणूस एकटा’ हे वाक्य पॅरॅडॉक्स होईल. मराठीत दोन्हींना विरोधाभास म्हणून भागते. इंग्रजीत भागत नाही. ॲंटिथिसिसमध्ये मात्र विसंगती नसते: दोन विरुद्ध कल्पना तोलून समोरासमोर मांडलेल्या असतात, एवढेच.

आयरनीवर थोडे थांबायला हवे. व्याजस्तुती, म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा किंवा त्याउलट, ही आयरनीची केवळ एक शाखा, शाब्दिक आयरनी. दुसरी शाखा परिस्थितीची: जे व्हावे म्हणून धडपड केली त्याच्या नेमके उलटे त्या धडपडीमुळेच होणे. तिसरी नाट्यगत: पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे. दुसऱ्या शाखेबाबत फार घोटाळा होतो. तुमची गाडी चुकली, ही आयरनी नव्हे, तो केवळ दुर्दैवाचा भाग. लवकर पोहोचायचे म्हणून तुम्ही मिळालेली स्लो गाडी सोडून फास्ट पकडली, ती सिग्नलला उभी राहिली आणि सोडलेली स्लो तुमच्या खिडकीसमोरून पुढे निघून गेली, ही आयरनी.

सहावी पायरी: की प्रमाण बदलले आहे?

येथे फार अडचण नाही. वाढवून सांगितले तर हायपरबोली, म्हणजे आपली अतिशयोक्ती. उच्चार ‘हायपर्बली’ असा चार अवयवांचा आहे, ‘हायपरबोल’ नव्हे. तपासताना वस्तुस्थिती पाहावी. ‘आभाळ फाटले’ ही अतिशयोक्ती आहे, पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत सुमारे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला हे कितीही अविश्वसनीय वाटले तरी साधे विधान आहे. नकार वापरून कमी करून सांगितले तर लिटोटीज: ‘नॉट बॅड’, आपले ‘काही वाईट नाही’. अप्रिय गोष्ट सौम्य शब्दांत सांगितली तर युफेमिझम. बांगडी फुटली न म्हणता ‘वाढली’ म्हणणाऱ्या भाषेला तो वेगळा शिकवण्याची गरज नाही.

उरलेल्यांपैकी दोन नावे नवशिक्यांना छळतात. ॲपॉस्ट्रॉफी हे विरामचिन्हाचेही नाव आहे, परंतु अलंकार म्हणून त्याचा अर्थ समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव वस्तूला थेट हाक मारणे असा होतो. ट्रान्स्फर्ड एपिथेटमध्ये माणसाचे विशेषण वस्तूला लावलेले असते: ‘अ स्लीपलेस नाइट’ म्हटले तरी झोप न आलेला असतो तो माणूस, रात्र नव्हे.

सातवी पायरी: आता नाव लिहा आणि परिणाम सांगा

उत्तरात तीन गोष्टी याव्यात: अलंकार कोणत्या शब्दात आहे, काय कशाच्या जागी आले आहे, आणि त्यामुळे ओळीला काय मिळाले. तिसरी गोष्ट नसेल तर उत्तर अपुरे असते. सरावासाठी मी वर्गात स्वतः रचलेल्या या ओळी देतो:

‘द टायर्ड प्लॅटफॉर्म वेट्स. अम्ब्रेलाज हँग लाइक वेट क्रोज.
द फास्ट ट्रेन कम्स, अँड एव्हरी शोल्डर इज अ डोअर.’

थकलेला फलाट वाट पाहतो. छत्र्या भिजलेल्या कावळ्यांसारख्या लोंबतात. फास्ट गाडी येते, आणि प्रत्येक खांदा हे एक दार असते. कावळ्यांची सिमिली सर्वांना सापडते. ‘वेट्स’ या क्रियापदातले पर्सॉनिफिकेशनही सापडते. ‘टायर्ड’ या शब्दावर मात्र थांबा. फलाटालाच माणूस मानले असेल तर तेही पर्सॉनिफिकेशन; थकवा फलाटावरच्या प्रवाशांचा असून विशेषण फलाटाकडे सरकले आहे असे मानले तर ट्रान्स्फर्ड एपिथेट. दोन्ही वाचने टिकतात, आणि कारण दिले तर दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

शेवटच्या ओळीत खांदा म्हणजे प्रवासी, ही सिनेकडकी. तो खांदा दार आहे, हा मेटॅफर. परिणाम विचारल्यावर वर्गात दोन तट पडतात. विरारहून येणाऱ्या मुली सांगतात की दार म्हणजे अडवणूक, कारण दारातल्या खांद्यांनी आत शिरू दिले नाही असा त्यांचा रोजचा अनुभव आहे. काही मुलांना धावत्या गाडीत कोणीतरी हात देऊन आत ओढून घेतल्याचे आठवते, आणि ते म्हणतात की दार म्हणजे वाट. मी दोन्ही तटांना त्यांचे उत्तर ‘डोअर’ या शब्दाखाली रेघ ओढून लिहायला सांगतो.